थ्रेडलॉकर लावूनही सस्पेन्शनचे बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतात तेव्हा : जुन्या मोटरहोमसाठी समस्या निवारण

टेम्पो ट्रॅव्हलरच्या जुन्या सांगाड्यावर बांधलेल्या मोटरहोमच्या कमानपाट्यांचे बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या), शॅकल (पाट्याचे टोक सांगाड्याला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) आणि शॉकअप बदलून घेतले, प्रत्येक आट्याला निळे थ्रेडलॉकर, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून आट्यांत सोडायचे चिकटद्रव्य, लावले, आणि तरीही हजार-दीड हजार किलोमीटरांत तोच टकटक आवाज परत आला, अशी तक्रार असलेल्या गाड्या मी गेली अनेक वर्षे दुरुस्त करत आलो आहे. नट पुन्हा आवळला आणि थ्रेडलॉकर पुन्हा ओतले, की आवाज काही दिवस थांबतो आणि पुढच्या घाटात परत सुरू होतो. या गाड्यांमध्ये दोष चिकटद्रव्याच्या दर्जाचा क्वचितच निघतो. बहुतेक वेळा ते चुकीच्या क्षणी लावलेले असते, किंवा जे काम चिकटद्रव्याचे नाहीच ते त्याच्याकडून अपेक्षिलेले असते. खाली लक्षणे आणि मग तपासण्या दिल्या आहेत. ज्यांना पैसे लागत नाहीत त्या आधी आणि लेथ किंवा वेल्डिंगपर्यंत जाणाऱ्या शेवटी, असा क्रम ठेवला आहे, आणि तो मोडू नये अशी विनंती आहे.

लक्षणे

गतिरोधकावरून हळू उतरताना मागच्या एका बाजूने एकच कोरडा ‘टक’ आवाज येतो. सलग खडखड होत नाही. गाडी मागे घेतल्यावर, पुन्हा पुढे निघून पहिला ब्रेक दाबला की तसाच एक आवाज येतो. ब्रेक लागताना ॲक्सल मागे राहू पाहतो आणि तो जोर पाट्याच्या पुढच्या डोळ्यातल्या (टोकाच्या गोल वळीतल्या) बोल्टवर येतो, त्यामुळे तिथली ढिलाई नेमकी त्या क्षणी ऐकू येते. गाडीखाली पाहिल्यास नटाच्या किंवा वॉशरच्या कडेने लालसर तपकिरी भुकटी साचलेली दिसते. पाण्याने चढलेल्या गंजाचा थर असा भुकटीसारखा सुटा नसतो. दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म घासत राहिले की अशी भुकटी पडते, म्हणून ती दिसल्यावर तिथली पकड गेली आहे असे समजावे.

सर्वांत बोलके लक्षण मात्र नट काढल्यावर आट्यांवर दिसते, आणि ते पुसून टाकण्यापूर्वी चांगल्या उजेडात पाहावे. आट्यांत निळसर पांढरी कोरडी भुकटी असेल, तर चिकटद्रव्य नीट सुकले होते आणि नंतर कोणीतरी किंवा कशानेतरी ते मोडले. आट्यांत अजूनही ओलसर निळा द्रव असेल, तर ते मुळात सुकलेच नाही. आणि बोल्टच्या टोकावरचे तीन-चार आटे निळे, पण नट बसतो ती जागा स्वच्छ चकचकीत असेल, तर थेंब चुकीच्या जागी पडला. या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

याच्या उलट तक्रारही येते. बोल्ट सुटतच नाही, पाना लावला की बुशाची आतली नळीच बोल्टसह फिरते आणि रबर फाटते. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

थ्रेडलॉकरचे काम किती आणि कुठवर

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळे तो दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. जोडणी टिकते ती या दाबामुळे. आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण नव्वद टक्के जोर आट्यांतल्या आणि नटाखालच्या घर्षणात जातो, आणि प्रत्यक्ष ताणासाठी उरतो तो सुमारे दहावा हिस्सा. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले, की जोडणी बोल्टच्या आडव्या दिशेने सरकू लागली की हे घर्षण जवळपास नाहीसे होते आणि नट स्वतःहून फिरू लागतो. शॅकल आणि शॉकअपच्या बोल्टवर दर खड्ड्याला असाच आडवा जोर येतो. म्हणूनच नुसता स्प्रिंग वॉशर टाकून या जागा टिकत नाहीत.

थ्रेडलॉकर आट्यांमधली पोकळी भरून नटाला फिरू देत नाही, एवढेच त्याचे काम. मध्यम ताकदीचे निळे थ्रेडलॉकर सुकल्यावर १० मिलिमीटरच्या बोल्टवर ते मोडायला साधारण २५ न्यूटन-मीटर जोर लागतो, तर त्याच मापाचा ८.८ दर्जाचा (हा ताकदीचा आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो) बोल्ट आवळायलाच ४५ ते ५० न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे ताण राहिला तर चिकटद्रव्य त्याची राखण करते. ताण गेल्यावर एकटे चिकटद्रव्य साडेतीन टनांच्या आसपासची गाडी धरून ठेवू शकत नाही.

मोटरहोमच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे ठरते. मालवाहू गाडी कधी रिकामी, कधी भरलेली असते. मोटरहोमवर पलंग, कपाटे, बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी यांचे ओझे दिवसरात्र असते. दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो वजन, आणि ते बहुधा एकाच बाजूला. पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहते आणि बोल्ट गंजतात, मग हिवाळ्यात एकदम कोकणाचा किंवा गोव्याचा लांबचा प्रवास होतो.

पहिली तपासणी : आवाज खरोखर खालूनच येतो का

शेगडीच्या जाळ्या, भांडी, जॅक, हत्यारांची पेटी, सिलिंडर आणि त्याचा पट्टा हे सगळे उतरवून त्याच गतिरोधकावरून त्याच वेगाने गाडी न्यावी. लाकडी खोलीत आवाज फिरतो आणि बसणाऱ्याला तो चाकाजवळून आल्याचा भास होतो. नवा बुश बसवून घेतल्यानंतर सिंकखालच्या पाइपाची क्लिप सैल असल्याचे उमगले, असे दोनदा माझ्यासमोर घडले आहे. या तपासणीला अर्धा तास लागतो आणि खर्च काहीच नाही.

दुसरी तपासणी : रंगाची रेघ

गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून, प्रत्येक संशयित नटावरून सुरू होऊन वॉशर आणि ब्रॅकेटपर्यंत जाणारी एक सलग रेघ पांढऱ्या पेंट मार्करने काढावी. बोल्टच्या डोक्याच्या बाजूलाही तशीच रेघ हवी, कारण काही वेळा नट स्थिर राहून बोल्टच फिरतो. मग शंभर किलोमीटर गाडी चालवून रेघा पाहाव्यात.

रेघ तुटली असेल, तर नट फिरतो आहे आणि दोष थ्रेडलॉकरच्या वापरात शोधावा. तिसऱ्या ते पाचव्या तपासणीत तो बहुधा सापडतो. रेघ जशीच्या तशी असून आवाज मात्र येत असेल, तर नट न फिरताच ताण कमी झाला आहे. वॉशरखालचा जाड रंग किंवा पावडर कोटिंग दबले असेल, नळी आखूड असेल किंवा भोक मोठे झाले असेल. अशा ठिकाणी जगातले कोणतेही चिकटद्रव्य उपयोगी पडत नाही, आणि थेट सहाव्या तपासणीकडे जावे.

ताण शिल्लक आहे का हे पाहण्यासाठी टॉर्क पाना (लावलेल्या मापाचा जोर आला की खटकणारा पाना) ठरलेल्या मापापेक्षा थोडा कमी लावून, आवळण्याच्या दिशेने हलका जोर द्यावा. नट न हलता पाना खटकला तर पुरे. नट हलला, तर ‘चला, थोडा आवळून टाकू’ असे करू नये. सुकलेला थर त्या क्षणी मोडलेला असतो, आणि त्यानंतर तो नट आवळलेला दिसला तरी राखणीवाचूनचा असतो. तो काढून, साफ करून, पुन्हा पहिल्यापासून बसवावा.

तिसरी तपासणी : बाटली

या प्रकारचे चिकटद्रव्य हवेत सुकत नाही. हवा तुटली आणि लोखंडाचा किंवा तांब्याचा स्पर्श झाला, की मगच ते घट्ट होते. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये ज्या द्रव्यावर आपली कंपनी उभी केली ते हेच, आणि पुढे त्याला लॉकटाइट हे नाव मिळाले. बाटली अर्धीच भरलेली का असते असे बरेच जण विचारतात. उरलेली हवा आतला द्रव पातळ ठेवते, त्यामुळे ती मुद्दाम ठेवलेली असते. म्हणूनच बाटलीचे तोंड आट्यांना टेकवू नये. लोखंडाचे कण आत गेले की संपूर्ण बाटली हळूहळू गोठते.

आपल्याकडची बाटली चांगली आहे का हे पाहायचे असेल, तर साधा, प्लेटिंग नसलेला लोखंडी बोल्ट स्वच्छ करावा, एक थेंब टाकावा, नट हाताने फिरवून बसवावा आणि अर्ध्या तासाने पाहावे. बोटांनी नट फिरला तर ती बाटली बाजूला ठेवावी. बाटलीवरची मुदत आणि प्रकारही वाचावा. जांभळे द्रव्य लहान स्क्रूंसाठी असते. सस्पेन्शनच्या बोल्टला मध्यम ताकदीचे निळे लागते. लाल किंवा इतर कायमस्वरूपी प्रकार मी मोटरहोमखाली वापरत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

घरात हाताशी असलेली इतर चिकटद्रव्ये इथे चालत नाहीत. झटपट चिकटणारे पातळ द्रव्य ठिसूळ असते आणि हादऱ्याने तडकते. दोन भाग मळून लावायचा इपॉक्सी आट्यांत अडकून पुढच्या वेळी आटेच ओरबाडतो. सिलिकॉन नटाखाली गेला तर तो मऊ गादीसारखा दबत राहतो आणि ताण आपणच घालवतो. एका गाडीत शॉकअपच्या रबरी बुशाला चपलांना लावतात ते रबराचे सोल्यूशन लावलेले होते; दोन महिन्यांत रबर बोटाने खरवडता येईल इतके चिकट आणि मऊ झाले होते.

चौथी तपासणी : आटे किती स्वच्छ आहेत

आट्यांत ओला निळा द्रव सापडला असेल तर कारण बहुधा इथे आहे. जुना बोल्ट सुटावा म्हणून फवारलेले गंज-तेल, रॉकेल, डिझेल किंवा ग्रीस यांचा थर धातू आणि द्रव्य यांच्यामध्ये राहतो. काही थ्रेडलॉकर कारखान्यातून आलेल्या हलक्या तेलावर चालतात, पण ग्रीसवर कोणतेच चालत नाही. पितळी किंवा पोलादी वायर ब्रशने जुने द्रव्य आणि गंज काढून, ब्रेक क्लीनर किंवा ॲसिटोनने बोल्ट आणि नट दोन्ही धुवावेत. नटाच्या आतले आटे हमखास विसरले जातात. रॉकेलने धुतलेला बोल्ट पुसल्यावर कोरडा दिसतो, परंतु त्यावर तेलकट थर उरतोच.

दुसरे कारण प्लेटिंग. जस्ताचा पांढरा किंवा पिवळा मुलामा असलेले आणि स्टेनलेसचे बोल्ट या द्रव्याला हवी तशी साथ देत नाहीत. सुकायला कितीतरी अधिक वेळ लागतो. अशा बोल्टांसाठी त्याच द्रव्याचा ॲक्टिव्हेटर (सुकणे जलद करणारा फवारा) आधी फवारावा, किंवा गाडी पूर्ण २४ तास हलवू नये. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेच्या थंडीतही सुकणे मंदावते. रंगवलेल्या आट्यांवर तर धातूचा स्पर्शच होत नाही, तेव्हा रंग काढल्याशिवाय थेंब टाकणे व्यर्थ आहे.

स्वच्छ बोल्टवर थेंब टाकल्यावर आटे ओले झाल्याने घर्षण बदलते आणि त्याच टॉर्कला बोल्ट थोडा जास्त ताणला जाऊ शकतो. म्हणून मॅन्युअलातला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे वाचून घ्यावे, आणि ‘अजून थोडा’ म्हणून लांब पाइप घालून आवळू नये.

पाचवी तपासणी : कोणत्या क्षणी लावले

आट्यांत कोरडी भुकटी सापडली असेल तर माझा पहिला प्रश्न हाच असतो, आणि या समस्येचे मूळ मला सर्वाधिक वेळा इथेच सापडले आहे.

पाट्याच्या डोळ्यातल्या रबरी बुशात बाहेरची नळी, मधले रबर आणि आतली नळी एकमेकांना चिकटलेली असतात. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये घट्ट दाबली जाते आणि तिथून पुढे ती फिरत नाही. पाटा वरखाली होताना मधले रबर पिळले जाते. म्हणून हा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर, नेहमीच्या वजनात उभी असताना. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) आणि ॲक्सल लोंबकळत असताना आवळला, तर खाली उतरताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. हा नियम बहुतेक मेकॅनिकांना ठाऊक आहे.

अडचण अशी, की हा नियम आणि थ्रेडलॉकरचे घड्याळ एकमेकांच्या आड येतात. मेकॅनिक सकाळी गाडी घोडीवर घेतो, बोल्टला थेंब लावून नट हलका बसवतो, दुसरी बाजू उघडतो, चहा होतो, दुपारी गाडी खाली येते आणि नियमाप्रमाणे ‘शेवटचा टॉर्क’ दिला जातो. साध्या पोलादावर हे द्रव्य दहा-वीस मिनिटांत पकड घेते. दुपारी पाना फिरला तेव्हा सकाळचा थर मोडून त्याची भुकटी झाली, आणि काम नियमाने करूनही नट राखणीवाचून राहिला. मी स्वतः पहिली काही वर्षे असेच करत होतो. एका शॅकलचा बोल्ट तिसऱ्यांदा काढल्यावर आट्यांतली ती पिठासारखी भुकटी बोटांवर घेतली, तेव्हा थेंब कधी टाकला आणि शेवटचा टॉर्क कधी दिला, या दोन वेळांचा हिशेब मांडायला हवा हे लक्षात आले.

आता मी पुढील पद्धत वापरतो. सर्व बोल्ट आणि नट स्वच्छ धुऊन कोरडेच बसवतो आणि हाताने लागतील तेवढेच लावतो. गाडी खाली उतरवतो, पाण्याची टाकी नेहमीच्या पातळीला भरतो, सामान जागेवर ठेवतो, आणि गाडी दोन-तीन वेळा वरखाली दाबून, आवारातच चार-पाच फूट पुढेमागे ढकलून पाटे जागी बसू देतो. मग एका वेळी एकच नट हाती घेतो. तो पूर्ण काढत नाही. बोल्टच्या टोकापर्यंत मागे आणतो, त्यामुळे शॅकलची पट्टी जागेवरून निघण्याचा धोका राहत नाही. उघड्या पडलेल्या, म्हणजे नट शेवटी जिथे बसणार त्या आट्यांवर, दोन-तीन थेंब सोडतो आणि लगेच ठरलेल्या टॉर्कला आवळतो. थेंबापासून पाना खटकेपर्यंत पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ देत नाही. त्यानंतरच पुढचा नट. सगळे झाल्यावर रेघा काढतो आणि गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत जागची हलवत नाही. ही पद्धत सुरू केल्यापासून या बोल्टांसाठी परत आलेल्या गाड्यांमध्ये कारण नेहमी पुढच्या तपासणीतले निघाले आहे.

ज्या जुन्या शॅकलमध्ये रबराऐवजी पितळी बुश आणि ग्रीस निपल असलेली पिन आहे, तिथे वरचा पिळाचा विचार लागू होत नाही. तिथे पिनेभोवती कोणतेही चिकटद्रव्य जाऊ देऊ नये, कारण ते ग्रीसची वाट बंद करते.

काही जागा अशा आहेत जिथे थ्रेडलॉकर मुळीच नको. चाकांचे नट, स्टीअरिंगच्या बॉल जॉइंटचा निमुळता भाग, कॉटर पिनचा खाचांचा नट आणि ब्रेकचे भाग या जागा तशा आहेत. नायलॉन रिंगच्या नटाला स्वतःची पकड असते. त्यात द्रव्य मिसळू नये, आणि तो नट एकदा काढला की नवाच घ्यावा. ॲक्सलला पाट्यांशी बांधणाऱ्या यू-बोल्टांनाही ते लावू नये, कारण नवे पाटे एकमेकांवर बसत जातात आणि यू-बोल्ट पुन्हा आवळावेच लागतात. मी ते तिरक्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळतो, शंभर किलोमीटरनंतर एकदा आणि हजार किलोमीटरच्या आत आणखी एकदा तपासतो. काढलेले यू-बोल्ट परत वापरत नाही.

सहावी तपासणी : व्हर्नियरने मोजमाप

रेघ न तुटता ढिलाई येत असेल तर आता मोजावे लागेल, आणि त्यासाठी गाडी घोडीवर घ्यावी लागेल. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

बुशाची आतली नळी डोळ्याच्या रुंदीपेक्षा किंचित लांब असली पाहिजे, म्हणजे ब्रॅकेटचे दोन्ही कान नळीवर टेकतील. बाजारातल्या बदली बुशांमध्ये ही नळी अर्धा-एक मिलिमीटर आखूड निघालेली मी पाहिली आहे. मग आवळण्याचा सारा जोर कान वाकवण्यात जातो, नळी सैलच राहते, बोल्टवर घासते आणि लाल भुकटी पडू लागते. असा बुश परत करावा; वॉशर घालून फट भरू नये.

बोल्टच्या डोक्यावरचा दर्जा वाचावा. मूळ ८.८ किंवा १०.९ असताना त्याच जाडीचा खुणेविना बोल्ट आला असेल, तर तो हव्या त्या ताणाला पोहोचण्याआधीच लांबतो. ब्रॅकेटच्या भोकात बोल्टचा गुळगुळीत भाग बसला पाहिजे. आटे बसले असतील तर ते भोकाला कानसासारखे खातात.

शेवटी भोक दोन दिशांनी मोजावे, आडवे आणि उभे. अंडाकृती झाले असेल, तर इपॉक्सी भरून नवे भोक पाडण्याचा मोह टाळावा. त्या छोट्या जागेवर दर खड्ड्याला हातोड्यासारखा घाव बसतो आणि भरलेला भाग काही दिवसांत चुरा होऊन पडतो. इथे काम वेल्डिंगचे आहे.

डोळ्यात बुशाची बाहेरची धातूची नळी सरकत असेल तर मात्र चिकटद्रव्याला खरी जागा आहे. त्यासाठी थ्रेडलॉकर नव्हे, तर गोल भाग बसवण्यासाठीचे रिटेनिंग कंपाउंड घ्यावे. दोन्ही धातू स्वच्छ करून, रबराला स्पर्श न होऊ देता पातळ थर द्यावा, बुश सरळ दाबून बसवावा आणि २४ तास थांबावे. बुश हाताने सहज आत जात असेल इतकी फट असली, तर हा उपाय करू नये, पाटाच बदलावा. पुढे कधी बुश काढायची वेळ येईल हे लक्षात घेऊन मी सुटू शकणारा मध्यम प्रकार निवडतो. रबरी भाग बसवताना वंगण लागलेच तर साबणाचे पाणी घ्यावे. ऑइल किंवा साधे ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवते.

बोल्ट सुटतच नसेल तर

लाल थ्रेडलॉकर लावलेला बोल्ट सोडवण्यासाठी नट सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून गरम असतानाच फिरवावा लागतो. ट्रकखाली हे रोज होते. मोटरहोमखाली मात्र पाट्याच्या बोल्टपासून हातभर वर प्लायवूडची जमीन असते, तिच्याखाली फोम, वायरिंग, पाण्याचे प्लास्टिक पाइप, आणि कुठे तरी डिझेलची टाकी व गॅसची नळी. एकदा मी सिलिंडर उतरवून, ओले पोते वर बांधून, शेजारी माणूस उभा करून शॅकलचा नट तापवला होता. नट सुटण्याआधी बुशाच्या रबराने पेट घेतला, काळा दाट धूर सुटला, आणि पोत्याचे पाणी ओतून तो विझवला तेव्हा जमिनीच्या प्लायची कड हाताला गरम लागत होती. त्या दिवसापासून मोटरहोमखाली लाल थ्रेडलॉकर मी लावत नाही, आणि दुसऱ्याने लावलेले निघाले तर ज्योत लावत नाही. इंडक्शन हीटर (ज्योतीविना, विजेने तापवणारे यंत्र) असलेल्या वर्कशॉपकडे गाडी पाठवतो, किंवा करवतीने बोल्ट कापून नवा घालतो.

कुठे थांबावे

पाट्यांचा थर एकत्र बांधणारा मधला सेंटर बोल्ट तुटला असेल, पाटा तडकला असेल, किंवा पुढच्या डोळ्यापासून ॲक्सलपर्यंतचे अंतर डाव्या-उजव्या बाजूंत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळे येत असेल, तर गाडी चालवत वर्कशॉपला नेऊ नये; ओढून किंवा ट्रेलरवर न्यावी. सेंटर बोल्ट तुटल्यावर ॲक्सल पाट्यावर सरकू शकतो, आणि घाटात ब्रेक लागल्यावर तो किती सरकेल हे चालकाच्या हातात नसते.

ब्रॅकेटचे भोक अंडाकृती असेल, वेल्डिंगला किंवा चासिसला केसाएवढीही चीर दिसत असेल, तर काम चासिसचा अनुभव असलेल्या फॅब्रिकेटरचे आहे. वेल्डिंगपूर्वी बॅटऱ्यांची जोडणी काढायला, सिलिंडर उतरवायला आणि वरचा फोम उघडा करायला त्याला आठवण करून द्यावी, कारण त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये घर नसते. स्टीअरिंगचा कोणताही सांधा हलत असेल तर वरील तपासण्या तिथे लागू करू नयेत.

आणि पाचव्या तपासणीतल्या पद्धतीने, स्वच्छ आट्यांवर, नव्या बोल्टसह काम करूनही तोच नट दुसऱ्यांदा फिरला, तर तिसरा थेंब टाकू नये. काढलेला बोल्ट न पुसता, आट्यांवरच्या द्रव्यासकट एका पिशवीत घालून वर्कशॉपला न्यावा, सोबत रेघांचे फोटो आणि किती किलोमीटरनंतर काय दिसले याची नोंद द्यावी. जाणत्या मेकॅनिकला त्यावरून कळते की आधी ब्रॅकेट मोजायचे की पाटा उतरवायचा.